दुभाषी

"अहो अनिरुद्धराव, तुमच्या गावाला चढच नाही हो!"

मेलवीधी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून मोरेश्वर चिटणीस सकाळपासून दुसऱ्यांदा हे म्हणाले, आणि अनिरुद्धराव दुसऱ्यांदा कसनुसे हसले, जणू तंजावूर सपाट ठेवण्यात त्यांचाच हात होता.

चिटणीस साताऱ्याचे. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम पिशवी. साताऱ्यात म्हणे भाजीला निघालं तरी आधी उतरायचं आणि मग भरली पिशवी घेऊन चढायचं. त्यांना व्यसनं दोनच: परकं गाव पायी धुंडायचं, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात मांडी ठोकून बसायचं.

"चढ पाहिजे तर तेवढा एक आहे," अनिरुद्धरावांनी घरांच्या कौलांवरून दिसणाऱ्या मोठ्या देवळाच्या शिखराकडे बोट केलं. "पण त्यावर चढूं देत नाहींत."

चिटणीस खळाळून हसले. मागून चालणारी अनिरुद्धरावांची मुलगी सुप्रभाही हसली, पण तोंडावर पदर धरून.

चिटणीस काही पुस्तकांसाठी एवढा प्रवास करून आले नव्हते. ते सून बघायला आले होते. मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत. त्याला रजा नव्हती. या नव्या कंपन्या पगार भरभरून देत होत्या आणि रजा चिमटीनं. फोटो त्याला पसंत होता. बाकीचं बाबा बघून येतील, असं ठरलं होतं.

अनिरुद्धरावांना तर हे स्थळ म्हणजे देव घरी चालत आल्यासारखं वाटलं होतं. त्यांचे पूर्वज मराठा राजांबरोबर इकडे उतरले ते उतरलेच. पिढ्यान्पिढ्या मुली दिल्या त्या कुंभकोणमला, मदुरैला, मद्रासला. वर, मराठी मुलखात, एकही परत गेली नाही. कावेरीचं पाणी जसं समुद्राकडेच जातं तशा त्या गेल्या. आता एक तरी उलट्या दिशेनं जाईल, जिथे दुकानाच्या पाट्याही मराठीत असतात अशा गावात नांदेल, या विचारानं त्यांचा ऊर भरून यायचा. त्या पाट्या त्यांना स्वतःला वाचता आल्या नसत्या. देवनागरी त्यांना येत नव्हती. त्यांची मराठी सगळी कानात होती. हातात होती ती तमिळ.

आणि सुप्रभाला जायचं नव्हतं.

ती पापनाशमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. रोज सकाळी गाडीनं जायची, डब्यात अंबट भात, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. यंदाच ती कायम झाली होती. "अप्पा, मज हें गांव सोडाच नाही," असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. आईविना वाढलेली पोर, आजवर बापाकडे तिनं हट्ट असा धरलाच नव्हता. तिचा आवाज ऐकून अनिरुद्धराव चपापले आणि म्हणाले, "एक दिवस त्यांच्यासंगें हिंड. माणूस बघ. मग तूं नोको म्हण, मी त्यांना नोको सांगतों. तुज तोंड उघडाच लागाच नाही. सांगणार मी."

"खरें?"

"माझ्या आईची आण."

आई म्हणजे वेंकूबाई, सुप्रभाची अज्जी. त्या आणेवर पोर आज बरोबर आली होती.

सकाळी कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, वेळीच घोटाळा झाला. सुप्रभानं पेला पुढे ठेवला आणि इकडच्या रीतीप्रमाणे, घरी आलेल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाली, "घ्या मामा. कापींत साखर पुरे की?"

चिटणिसांनी टाळीच वाजवली. "मामा! अहो, ऐकलंत का, मामंजी झालोसुद्धा आम्ही! आमच्याकडे हा शब्द सासऱ्याला होता, आजीच्या काळात. पोरीनं तर निकालच लावला!" मग तिच्याकडे कौतुकानं बघत, "बोल बोल, आणखी बोल. काय गोड मराठी आहे ही! अगदी संग्रहालयात काचेखाली ठेवावी अशी."

सुप्रभाचे कान तांबडे झाले. मामा म्हणजे मामा, तिला एवढंच म्हणायचं होतं. त्यानंतर तिनं चिटणिसांशी मराठीचा एक शब्द काढला नाही. काही सांगायचं झालं तर बापाला तमिळमध्ये सांगायची आणि बाप ते पुढे मराठीत न्यायचा. चिटणिसांना वाटलं, लाजते आहे.

असे तिघं निघाले. राजवाड्याच्या भिंतीकडेनं, कालव्याच्या पुलावरून, कीळवासलच्या बाजारातून. केळीच्या पानांचे भारे, पितळेच्या समया, आणि त्यांच्या डोक्यावर एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्या. रथाच्या शेडवरून केबलच्या काळ्या तारा घराघरांत शिरलेल्या. देव वर्षातून एकदा फिरतो, सिनेमा मात्र आता रोज दारी येतो. चिटणीस सगळं डोळ्यांनी वेचत होते आणि मध्येच थांबून विचारत होते, "हा काय म्हणाला हो?" अनिरुद्धराव सांगत होते.

जुन्या बस स्टँडपाशी फुटपाथवर पहिलं दुकान लागलं. सगळी गाइडं. दुसऱ्या दुकानात संगणकाची जाडजूड पुस्तकं आणि अमेरिकेला जायच्या परीक्षांचे संच, पानोपानी आधीच्या मालकांच्या पेन्सिलीच्या खुणा.

"सगळं जग परीक्षेला बसलंय," चिटणीस धूळ झटकत म्हणाले. "वाचायला कोणी बसलंय की नाही?"

तिसरं दुकान बोळात होतं, भाताच्या एका जुन्या गोदामात. दाराशी गोणपाटावर लुंगी लावून बसलेला माणूस, शेजारी गुरगुरणारा ट्रान्झिस्टर, आणि मागे काळोखात छतापर्यंत कागद. चिटणिसांचे डोळे चमकले. त्यांनी बूट काढले, जणू देऊळच.

"यांचं नाव विचारा."

"एकोजी," अनिरुद्धरावांनी विचारून सांगितलं.

"एकोजी!" चिटणिसांनी त्या माणसाचे दोन्ही हात धरले. "अहो, म्हणजे आपलेच की तुम्ही! काय म्हणता, बरं आहे ना?"

एकोजीनं हात सोडवून घेतले आणि तमिळमध्ये काहीतरी पुटपुटला. तो म्हणाला होता, मला ही भाषा येत नाही, घ्यायचं तर घ्या, उजेड अडवून उभे राहू नका.

"म्हणतो, सावकाश बघा, घर तुमचेंच आहे," अनिरुद्धरावांनी सांगितलं.

सुप्रभाला हसू आवरेना. "अप्पा!" ती हळूच म्हणाली. "असें काय सांगूलांत?"

"पाहुणा आहे गे. त्याला कडू कशास द्यायचें?"

हे असं सकाळपासून चाललं होतं. रिक्षावाल्याची शिवी "जपून चला" होऊन पोचली होती, देवळापाशी चपला सांभाळणाऱ्या बाईची कुरकुर "सुखानं या" होऊन. अनिरुद्धराव प्रत्येक वाक्य पाण्यातून काढून, पुसून, मग पाहुण्याच्या हातात ठेवत होते. सुप्रभाला त्यात आपला बाप फार मायाळू दिसत होता.

चिटणीस गठ्ठ्यांमध्ये घुसले. बराच वेळ त्यांचं फक्त शिंकणं ऐकू आलं. मग ते एक लहानसं पुस्तक घेऊन उजेडात आले. वीतभर उंचीचं, वाळवीनं कडा कुरतडलेलं. मुखपृष्ठावर जात्यावर बसलेल्या बाईचं चित्र.

"हे तमिळ दिसतंय. पण चित्र बघा, लुगडं बघा. नेसणं आपलं आहे."

अनिरुद्धरावांनी पुस्तक घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. तमिळ अक्षरांत लिहिलं होतं, *वेंकूबाईंच्या ओव्या*.

"ही... ही माझी आई."

एका लग्नात विड्याबरोबर वाटायला म्हणून अनिरुद्धरावांच्या वडिलांनी कुंभकोणमच्या छापखान्यात हे छापून घेतलं होतं. भाषा मराठी, लिपी तमिळ, कारण वाचणाऱ्या बायकांना तीच येत होती. घरातली प्रत कोणी नेली, कधी नेली, पत्ता नव्हता. तमिळ माणसाला हे पुस्तक वाचता यायचं आणि कळायचं नाही. साताऱ्याच्या माणसाला कळलं असतं, पण वाचता येत नव्हतं. जगात मूठभर घरं अशी, जिथे ते वाचताही यावं आणि कळावंही. त्या घरांतूनच ते रद्दीत आलं होतं.

"वाचा," चिटणीस गोणपाटावरच बसले. "वाचा हो!"

अनिरुद्धरावांनी चष्मा पुसला.

*"कावेरीच्या काठीं। केळीचें गे बन।
तेथें माझें मन। राहिलें गे॥"*

वाचता वाचता ते गाऊ लागले. वाचन कसलं, अक्षरं नुसती निमित्त होती, कान पुढे धावत होता. बोळात सायकलच्या घंटा वाजत होत्या आणि या दारात एक म्हातारा आईच्या आवाजात गात होता. चिटणीस डोळे मिटून डोलत होते. सुप्रभा भिंतीला टेकून ऐकत होती. तिचे ओठही हलत होते. एकोजीनं ट्रान्झिस्टर बंद केला. एवढा वेळ तिथे सगळं सुंदर होतं.

मग पान उलटलं.

*"उंबऱ्याच्या पार। टाकिलें पाऊल।
मागुती चाहूल। बाप दिसे॥"*

"वा!" चिटणिसांनी डोळे पुसले. "सासरी निघालेली पोर, मागे पावलं वाजतात, वळून बघते तर बाप! दोन ओळींत सगळं. अनिरुद्धराव, हे मी छापतो. देवनागरीत. आईंचं नाव घालून. साताऱ्याला, पुण्याला बायका म्हणतील हे लग्नांत."

अनिरुद्धरावांनी पानावरून तळहात फिरवला. आई, मराठी मुलखात, मराठी अक्षरांत!

"अप्पा," सुप्रभा जवळ येऊन म्हणाली. ती मराठीत बोलली, आपल्या घरच्या मराठीत. "अज्जी 'पाप' म्हणूल होती. 'पाप दिसे'."

"काय?" चिटणीस वळले. "काय म्हणते ती?"

आता हे सांगायला हवं की तमिळ लिपीत प आणि ब यांना अक्षर एकच. बाप लिहा, पाप लिहा, कागदावर सारखंच उमटतं. आधी ठाऊक असेल त्यानं ओळखायचं.

आणि ठाऊक होतं. घरात दोघांनाही ठाऊक होतं. वेंकूबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना चाळिशी उलटलेल्या बिजवराला दिलं, राजवाड्यातला कारभारी जावई मिळावा म्हणून. त्या बिजवराची लेक वेंकूबाईंहून मोठी होती. लग्नांत चार बायकांत गाताना वेंकूबाई तो शब्द असा गिळायच्या की ज्याला जे हवं ते त्यानं ऐकावं. सगळ्यांनी बाप ऐकलं, सगळे रडले. पण घरी, कुशीत झोपलेल्या नातीला थोपटताना त्या ओठ घट्ट मिटून उघडायच्या: पाप. मागून येतं ते पाप गे बाई, वळून बघूं नको. अनिरुद्धराव लहानपणी त्याच कुशीत झोपले होते.

"सांगा ना," चिटणीस म्हणाले. "बाप की पाप? मला एकच छापता येईल. आमच्या लिपीत दोन्ही मावत नाहीत."

"पावम्," सुप्रभा अर्धवट स्वतःशीच म्हणाली.

"हे काय?"

"तमिळमध्ये पापाला पावम् म्हणतात," अनिरुद्धराव म्हणाले. "बिचारीलाही तेंच म्हणतात." मग त्यांनी पुस्तक मिटलं. पाहुण्याचे डोळे अजून ओले होते. लग्नात म्हणायची ओवी; तिथे पाप कशाला? "पोर लहान होती, तिला नीट ऐकूं आलें नसेल. 'बाप'च तें. बाप लिहा."

सुप्रभानं त्यांच्याकडे पाहिलं. एकोजीनं पुस्तक असंच देऊन टाकलं, म्हणाला, याला गिऱ्हाईक नाही. चिटणिसांनी ते शबनमच्या आतल्या कप्प्यात घातलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा तिघं एका कापी हॉटेलात बसले. पंखा फिरत होता, वाढपी केळीची पानं उचलत होता. चिटणीस खुशीत होते.

"सुप्रभा, आता मी तुला सरळ विचारतो. अगं, आम्ही साधी माणसं. घर डोंगराच्या कुशीत आहे, गच्चीतून किल्ला दिसतो. नोकरी तुला पुण्यातही मिळेल, गणिताच्या मास्तरणी सगळीकडे लागतात. येशील ना आमच्याकडे?"

सुप्रभानं पेला खाली ठेवला आणि बापाकडे वळली. सकाळपासूनची रीत तीच होती. शिवाय बापानं आण घेतली होती.

"वेंडाम् अप्पा," ती शांतपणे म्हणाली. नको. मग तमिळमध्येच आणखी म्हणाली: यांच्या मनाला लागणार नाही असं सांगा, माणूस चांगला आहे. पण नाही म्हणून सांगा.

"काय म्हणाली?" चिटणिसांनी हसत विचारलं.

अनिरुद्धरावांनी तोंड उघडलं. सांगायचं एवढंच होतं, आणि शब्दही तयार होते. पण समोर तो हसरा चेहरा होता, पिशवीत आई होती, कुठेतरी वर एक गाव होतं जिथे आईचं नाव मराठीत छापलं जाणार होतं. दिवसभर त्यांची जीभ एकाच वळणानं गेली होती. ती तशीच गेली.

"लाजते आहे," ते म्हणाले. "म्हणते, वडिलांच्या शब्दाबाहेर नाहीं."

चिटणिसांनी टेबलावर थाप मारली. "झालं तर! वाढपी, काहीतरी गोड आणा हो! काय म्हणतात गोडाला तुमच्याकडे?"

अनिरुद्धरावांनी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, ती रडेल. रात्री समजूत काढू. मुली कुठे पहिल्यांदा हो म्हणतात.

"मामा," सुप्रभा म्हणाली.

दोघंही दचकले. ती सरळ चिटणिसांकडे बघत होती.

"मी नोको म्हटलें. अप्पांनी तुम्हांला दुसरें सांगितलें. मज लग्न कराच नाही, हें गांव सोडाच नाही. तुमचा दोष काही नाही. तुम्ही भले आहांत." मग, कळलं नसेल तर म्हणून, तिनं तेच इंग्रजीत सांगितलं, वर्गात उदाहरण फळ्यावर पुन्हा मांडतात तसं, न चिडता.

ही संग्रहालयातली मराठी नव्हती, आणि चिटणिसांना त्यात गोडही काही वाटलं नाही. वाढप्यानं मध्ये केशरी शिऱ्याच्या तीन बशा आणून ठेवल्या. कोणी हात लावला नाही.

"अनिरुद्धराव," अखेर ते म्हणाले, "मघाशी त्या ओवीत कोणतं अक्षर आहे?"

"तमिळमध्ये दोन्ही एकच लिहितात..."

"लिपी नाही विचारली मी. आई काय म्हणत होत्या?"

अनिरुद्धराव शिऱ्याकडे बघत राहिले. शेजारच्या टेबलावर कोणी क्रिकेटचा स्कोअर विचारत होतं.

चिटणिसांनी शबनममध्ये हात घातला, पुस्तक काढलं आणि टेबलावर, दोन बशांच्या मध्ये, ठेवलं. "हे तुमच्याकडेच असू द्या. मला वाचता येत नाही, आणि तुम्ही वाचलेलं मी आता छापू शकत नाही." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. उठताना त्यांनी सुप्रभाच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं, ठेवला नाही. "पोरी, मामा म्हणालीस, तेवढं राहू दे."

मग ते बाहेर गेले आणि स्टेशनसाठी रिक्षा बघू लागले. रिक्षावाल्याशी बोलायला त्यांनी कोणाला हाक मारली नाही. बोटांनीच ठरवलं.

बापलेक पायी घरी निघाले. रस्ता सपाट होता, तरी अनिरुद्धरावांना धाप लागत होती. कालव्याच्या पुलावर ते थांबले.

"सुप्रभा. मज वाटलें, तुझें बरें होईल. तिकडे आपलीं माणसं..."

ती थांबली होती, बापाला दम खाऊ देत. ती उत्तरली, पण तमिळमध्ये. अंधार पडायला लागलाय, जपून चला, एवढंच म्हणाली.

"रागावलीस की?"

नाही, ती तमिळमध्ये म्हणाली. आणि तो राग नव्हताच. रागाला काही दिवसांनी उतार पडतो, हे अनिरुद्धरावांना ठाऊक होतं. त्यांनी वाट पाहिली. पाडव्याला त्यांनी मुद्दाम तिच्या लहानपणीची गंमत काढली, वेंकूबाईंच्या बोलीत नक्कल करून. ती हसली. जे उत्तर दिलं ते तमिळमध्ये. पापनाशमच्या शाळेतल्या गोष्टी ती पूर्वीसारख्याच सांगायची, त्यांची औषधं आणायची, त्यांच्या शर्टाची बटणं लावायची. मराठी तिला समजत होती; ते काय म्हणतात ते सगळं समजत होतं. फक्त ज्या भाषेत त्यांनी तिचं 'नोको' फिरवलं होतं, ती भाषा आता तिच्याकडून त्यांच्याकडे येत नव्हती.

रोज सकाळी गाडीची वेळ होण्याआधी अनिरुद्धराव स्वयंपाकघराच्या दाराशी येतात आणि विचारतात, "सुप्रभा, कापी झाली की?"

झाली, घ्या, असं ती तमिळमध्ये सांगते. कापी गरम असते. साखर त्यांना लागते तेवढीच असते.